तायडेबाईंनी थप्पड मारली नव्हती

तायडेबाईंना कोणी पाणी दिले, की त्या पेला उजेडाकडे धरीत, त्यावर कोरलेले नाव वाचीत, आणि मगच पाणी पीत. पोलीस ठाण्यात, नातेवाइकांकडे, लग्नाच्या पंगतीत, हा क्रम कुठेही चुकला नाही. अकोल्याच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी महिला दिनी त्यांना घरी बोलावून सत्कार केला, तेव्हा मी तिथे होतो. शाल अंगावर असतानाच बाईंनी पेला वाचला आणि म्हणाल्या, “हा गिलास तं मंगल कार्यालयाचा हाये जी.”

गृहस्थ म्हणाले, “चुकून आला असेल.”

“असंन,” बाई म्हणाल्या. “पानी तं तुमचंच हाये ना?” आणि पिऊन टाकले. पुढच्या वर्षी सत्काराला दुसऱ्या बाई बोलावल्या गेल्या.

सुमन तायडे या अकोल्याच्या महिला कक्षात आधी हवालदार आणि नंतर सहायक फौजदार होत्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या काही निवृत्त सहकाऱ्यांनी त्यांच्यावर एक स्मरणिका काढली असून तीत रंजना नावाच्या मुलीच्या प्रकरणाची तीन वर्णने आहेत. पहिल्यात बाईंनी लाथ मारून सासरचे दार उघडले आहे. दुसऱ्यात त्यांनी सासूच्या थोबाडीत दिली आहे. लेखकाला त्या थपडेचा आवाज अद्याप ऐकू येतो. तिसऱ्यात “जुन्या शहरातील एका निर्भीड भांडे व्यापाऱ्याने” स्वतः होऊन पोलिसांना माहिती दिल्यामुळे सत्य उघडकीस आले आहे. वस्तुस्थिती अशी, की दार उघडेच होते. थप्पड कोणी कोणाला मारली नाही. आणि निर्भीड भांडे व्यापारी म्हणजे मी; मी स्वतः होऊन काहीही सांगितलेले नाही. तिन्ही लेखकांपैकी एकही त्या दिवशी त्या घरात नव्हता. मी होतो, आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. याची खात्री माझ्याशी वाद घातलेल्या कोणाकडूनही करून घ्यावी.

माझे दुकान मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या शहरात आहे. पन्नास वर्षांत मी भांडी विकली त्याहून अधिक भांड्यांवर नावे टाकली. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते: मामाकडून, आत्याकडून, अमक्या मंडळाकडून. त्यामुळे घरातली मांडणी वाचली, की त्या घरात कोण काय घेऊन आले ते कळते. हे मला माहीत होते. परंतु पोलिसांच्या कामाचे आहे, हे तायडेबाई दुकानात येईपर्यंत मला सुचले नव्हते.

त्या प्रथम आल्या त्या एक डबा घेऊन, गणवेशात. डबा माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारले, “हे नाव तुमीच टाकलं काय?”

तक्रार असावी असे समजून मी म्हणालो, “नाव मी टाकलं आहे, आणि त्यात एकही चूक नाही. चूक दाखवा आणि मग बोला.”

“चूक कोन म्हनते? तुमचा ‘र’ वरच्या रेघेले डोकं आपटते, म्हनून ओळखला.”

हा दोष आहे की वैशिष्ट्य, यावर आमचा वाद झाला. तो शेवटपर्यंत मिटला नाही. त्या दुपारी मात्र त्या तीन तास दुकानात बसल्या. हाताने ठोकलेले अक्षर कसे असते, यंत्राचे कसे, चाकावर घासून जुने नाव काढले तर त्या जागी किती उथळ खळगा राहतो आणि तो कोणत्या कोनातून दिसतो, हे सर्व त्यांनी शिकून घेतले. उठताना म्हणाल्या, “काकाजी, पंच म्हनून येत जा. वाचता येनारा पंच मले भेटत नाई.” अकोल्यात अन्य कोणाला वाचता येत नाही, असा त्यांचा अर्थ नसावा. मी तो तसा घेतला आणि गेलो.

त्यांचे काम सांगायला सोपे होते. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईचे सामान तिच्या सासरहून पंचांसमक्ष ताब्यात घ्यायचे आणि त्याचा पंचनामा करायचा. इतर लोक हे काम अर्ध्या तासात उरकीत: ‘स्टीलची भांडी, एक पोते.’ बाई प्रत्येक भांडे अंगणात उन्हात आणवीत, स्वतः जमिनीवर बसत, आणि पंचाच्या हातात ते देऊन म्हणत, “काय दिसते ते सांगा. मले काय दिसते ते मले माहीत हाये.” पंच स्वतःचे मत सांगू लागला, की त्या पेन खाली ठेवीत. “पाह्यलं ते इथं लेहू. समजलं ते घरी जाऊन सांगजा.” एकदा एका सासऱ्याने एका चमच्यावरून पाऊण तास आरडाओरडा केला. बाईंनी तो सर्व ऐकून लिहिले: ‘चमचा, एक नग, वाद असलेला.’ सासऱ्याला ते वाचून दाखवले. तो म्हणाला, “असं लेहू नोका, बरं दिसत नाई.” चमचा सुनेकडे गेला.

बाईंचे माहेर अचलपूरकडचे. यजमान अमरावतीच्या एस.टी. आगारात मेकॅनिक, आणि नोकरी अकोल्यात, म्हणून संसार सुटीच्या दिवसांपुरता. कोणी सहानुभूती दाखवली, की त्या म्हणत, “आमचं चांगलं हाये. तिकीट काढून भांडायले कोन जाते?” हे वाक्य स्मरणिकेत ‘कर्तव्यापुढे संसाराचा होम’ या मथळ्याखाली आले आहे.

आता रंजनाविषयी. टाळेबंदीच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगी वलगावची, वडील गवंडीकाम करणारे. लग्नानंतर वर्षभरात ते गेले, आणि त्यानंतर सहा महिन्यांत नवऱ्याने तिला माहेरी नेऊन सोडले. अकोल्यातल्या सासरच्यांचे म्हणणे असे, की ती रिकाम्या हाताने आली होती. तेव्हा परत द्यायचे असे काहीच नाही. लग्नाच्या छायाचित्रांत भांडी होती, परंतु पाठमोऱ्या पाहुण्यांच्या मागे. कोणाची ते त्यावरून ठरत नव्हते. त्या घराकडे जाताना जीपमध्ये मी तिला पहिल्यांदा पाहिले. मी माझ्या अनुभवाच्या आधारे तिला सांगितले, की भांड्यांसाठी इतका त्रास करून घेणे व्यवहाराचे नाही, नवी घेतलेली बरी.

ती म्हणाली, “भांडे नाई भेटले तरी चालतीन, काकाजी. पन माह्या बाबानं मले काई देल्लं नाई, असं थे गावभर सांगून राहिले. बाबा आता सांगायले येत नाई.”

बाई पुढच्या आसनावरून वळल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “काकाजी, व्यवहार घरी सांगजा.”

दार, मी म्हटल्याप्रमाणे, उघडे होते. सासू कुसुमबाई ओसरीवरच उभ्या होत्या, सासरे खुर्चीवर. नवरा कामावर गेला असल्याचे सांगण्यात आले. भांडी अंगणात आणली गेली. एकेचाळीस नग, आणि प्रत्येकावर एकच नाव: सौ. कुसुमबाई.

“हे सारे माह्ये,” कुसुमबाई म्हणाल्या. “नाव वाचा. वाचता येते ना?”

“येते जी,” बाई म्हणाल्या. “तेवढ्याचाच पगार हाये.”

त्यांनी पाण्याचा गुंड उचलला आणि उन्हात तिरपा धरला. नाव जिथे होते तिथे पत्रा किंचित खोल गेला होता. मला ते चार हातांवरून दिसले. आणखी एक गोष्ट मला दिसली. बाईंनी गुंड एकदा फिरवला, काहीही न बोलता माझ्या हातात दिला, आणि विचारले, “काकाजी, हे अक्षर कोनाचं?”

त्या नावात ‘र’ नसला, तरी माझे अक्षर लपत नव्हते. चार महिन्यांपूर्वी हेच सासरे दोन पोत्यांत भांडी भरून माझ्या दुकानात आले होते. “जुनं नाव काढा, घरचं टाका,” म्हणाले. लोक मोडीतली भांडी घेतात, वाटणीत आलेली घेतात. असे काम नेहमी येते. मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता: कोणत्या दिवशी हवी?

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बाईंना म्हणाले, “हे कोन हायेत? यायले आमी कधी पाह्यलं नाई.”

त्यांनी माझ्यासाठी पळवाट करून दिली होती. ‘अक्षर यंत्राचे आहे, कोणाचेही असू शकेल’ एवढे म्हणणे पुरे होते. ते पूर्ण खोटेही ठरले नसते. त्यानंतर जे झाले त्याला स्मरणिकेत ‘निर्भीडपणा’ म्हटले आहे, म्हणून खुलासा करतो. हजार भांड्यांतून माझे अक्षर ओळखू येते, असे मी आयुष्यभर जुन्या शहराला ऐकवले होते. ते अक्षर दुसऱ्याचे म्हणून सांगणे माझ्या जिभेला जमले नाही, इतकेच. मी म्हणालो, “माझं.”

बाईंनी लिहीत असलेला कागद आडवी रेघ मारून बाजूला ठेवला. वीस वर्षांच्या ओळखीचा कोणताही मागमूस त्यांच्या आवाजात नव्हता. “काकाजी, उठा. तुमी आता पंच नाई. साक्षीदार झाले. तिकडं जाऊन बसा.”

मी उठलो आणि ओसरीच्या कडेला बसलो. शेजारचे एक निवृत्त कंडक्टर नवे पंच म्हणून बोलावण्यात आले. ते जेवायला बसले होते. बाईंनी त्यांना जेवू दिले. ते आल्यावर पंचनामा पहिल्या नगापासून पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात बाईंनी मला विचारले, “जुनं नाव काय होतं?”

इथे माझ्या दुकानाची एक रीत सांगितली पाहिजे. नावावरून नंतर वाद होऊ नये म्हणून भांड्यावर काय टाकायचे ते गिऱ्हाइकाने माझ्या वहीत स्वहस्ते लिहून खाली सही करायची, आणि जुने नाव खोडायचे असेल तर ते मी समासात टिपून ठेवायचे. वादात मला हरायला आवडत नाही. वही त्यासाठी आहे.

“वहीत आहे,” मी म्हणालो.

बाईंनी एका शिपायाला माझ्याबरोबर पाठवले. घर ते दुकान हे अंतर मोटारसायकलने दहा मिनिटांचे आहे. त्या दहा मिनिटांत, जुन्या वह्यांना उंदीर लागतात, पावसाळ्यात मोर्णेचे पाणी आत येते, असे सर्व विचार मला क्रमाने सुचले. दुकानात पोहोचल्यावर शिपाई बाहेर थांबला. आत मी एकटा होतो. वही हातात घेतली, ते पान काढले, समास वाचला. मग वही घेऊन बाहेर आलो. सर्व पाने होती.

अंगणात परतल्यावर बाईंनी ते पान आधी सासऱ्यांपुढे धरले. “सही तुमची?” सासऱ्यांनी ती बराच वेळ पाहिली. “तसं दिसते,” म्हणाले. बाईंनी लिहिले: ‘तसे दिसते असे म्हणाले.’

मग वाचन झाले. कंडक्टर भांडे उचलत, उन्हात धरत, आणि “नावाच्या जागी खड्डा हाये,” असे सांगत. बाई समासातले जुने नाव मोठ्याने वाचीत. “गुंड. रंजनास, बाबांकडून. वलगाव.” “परात. रंजनास, बाबांकडून. वलगाव.” “घंगाळ. रंजनास, बाबांकडून. वलगाव.” घाई नाही, आवाजात चढउतार नाही. रंजना दाराशी उभी होती, ती तिसऱ्या भांड्याला खाली बसली. शेजारपाजारची माणसे कुंपणापाशी जमली होती. त्यांनाही ऐकू जात होते. दहाव्या-बाराव्या भांड्यानंतर कुसुमबाई आत निघून गेल्या. त्यांच्यामागून दार ओढले गेले, आणि स्मरणिकेतला आवाज झालाच असेल, तर तो त्या दाराचा.

रंजनाचे मामा आमच्याबरोबर आले होते. ते मध्येच उसळून म्हणाले, “बाई, लेहनं बंद करा! एक कानाखाली ठेवून द्या तिच्या!”

बाईंनी मान वर न करता उत्तर दिले, “मारलं तं थेही मलेच लेहा लागंन, दादा. मंग हे केव्हा लेहू?” आणि पुढचे भांडे मागितले.

एकेचाळीसही नगांवरचे नाव वाचून झाले, तोवर ऊन भिंतीवर चढले होते. शेवटची काही भांडी बाईंच्या बरोबरीने रंजनाच वाचत होती, वही न पाहता.

त्यानंतर माझा जबाब. मी तो स्वतः लिहून दिला, कारण माझ्या वाक्यरचनेविषयी मी काटेकोर आहे. मी लिहिले: ‘सदर नावे माझ्याकडून अनवधानाने खोडली गेली.’ बाईंनी वाचले.

“अनवधानानं म्हंजे काय जी?”

“लक्षात न आल्यामुळे.”

“लक्षात आलं नाई, का इचारलं नाई?”

मी सार्वजनिक वाचनालयाचा दोन वेळा अध्यक्ष होतो, आणि माझ्या मराठीला तोवर कोणी हात लावला नव्हता.

“विचारलं नाही,” मी म्हणालो.

“मंग तसं लेहा.”

मी ते वाक्य खोडून लिहिले: ‘नाव कोणाचे आहे हे मी विचारले नाही आणि ते खोडले.’ पन्नास वर्षांत मी लिहिलेले हे सर्वांत साधे वाक्य असावे. त्याखाली माझी सही आहे. स्मरणिकाकारांना कागद पाहायचा असता, तर तो उपलब्ध होता.

त्यानंतर बाई माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत, हे मी गृहीत धरले होते. आठवडा उलटला आणि त्या आल्या. “चला काकाजी, बाळापूर रोडले जायचं हाये.”

“मी चालतो का अजून?”

“याच्याआधी अंदाजानं नेत होती,” बाई म्हणाल्या. “आता तुमचं लेखी हाये माह्याजवळ.”

निवृत्तीनंतर त्या अमरावतीला राहायला गेल्या. दोन वर्षांत मूत्रपिंडांनी दगा दिला. मी भेटायला गेलो, तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या आणि यजमान त्यांच्यासाठी मोजून पाणी ओतत होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, “नाव खोडता काय अजून?”

“विचारून.”

“कोनाले?”

“जिचं नाव आहे तिला. फोन लावतो. ती हो म्हणाली तरच चाकाला लावतो.”

“दुकान चालते?”

“कमी चालतं. बाजूच्या दुकानात विचारत नाहीत.”

“चालू द्या तसंच,” त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. आमच्या बोलण्यातले हे शेवटचे. माझा मुलगा आता गल्ल्यावर बसतो; त्याला ही पद्धत पसंत नाही, आणि तसे तो मला सांगतो. मीही त्याला सांगतो.

मागच्या महिन्यात रंजना दुकानात आली. अमरावतीत ती मुलींच्या एका वसतिगृहाचे जेवण करते. न्यायालयाने भांडी तिला तेव्हाच दिली होती, परंतु पुरावा म्हणून खटला संपेपर्यंत त्यांत बदल करायचा नव्हता. म्हणून इतकी वर्षे ती सासूचे नाव असलेल्या परातीत कणीक मळत होती. आता निकाल लागला होता. परात माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “हे नाव काढा. बाबाचं टाका. अन् त्याच्याखाली बाईचं टाका.”

मी तिला रीत समजावून सांगितली. भांड्यावर नाव देणाऱ्याचे टाकतात, किंवा मालकाचे. तायडेबाई दोहोंपैकी कोणी नव्हत्या. त्यांनी कर्तव्य केले, त्याचा पगार घेतला, आणि स्वतः त्यांनाही हे चालले नसते. आदर दाखवायचा तर अन्य मार्ग आहेत.

तिने माझे सर्व बोलणे संपू दिले. “पयल्यांदा बाबानं देल्ली,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा कोनं देल्ली?”

यावर माझ्याजवळ काही मुद्दा असावा असे मला वाटले. तरी मी वही तिच्यापुढे सरकवली. तिने पहिली ओळ लिहिली: ‘रंजनास, बाबांकडून. वलगाव.’ तिच्याखाली दुसरी: ‘रंजनास, तायडेबाईंकडून.’ खाली सही केली.

परातीच्या काठावर दोन ओळींना जागा पुरत नव्हती. मी अक्षर लहान केले.